तिकीट कोण देतो?
निवडणूक आली की आपण आपले उमेदवार मोजतो. त्यांचे तिकीट कोणी ठरवले, हे क्वचितच विचारतो. लंडनच्या महापौरपदासाठी २०१५ मध्ये सादिक खान यांना मजूर पक्षाच्या सदस्यांनी व समर्थकांनीच मतदानाने निवडले. अमेरिकेत कीथ एलिसन २००६ मध्ये आधी पक्षांतर्गत निवडणूक जिंकले, मग संसदेवर निवडून आलेले पहिले मुस्लिम ठरले. पाकिस्तानच्या नॅशनल असेंब्लीत अल्पसंख्याकांना १० राखीव जागा आहेत. पण त्या पक्षांच्या याद्यांतून भरतात, हिंदू-ख्रिस्ती मतदारांच्या मतांनी नव्हे. आपल्याकडे तिकीट वरूनच ठरते. २०२४ मध्ये महाराष्ट्रातून एकही मुस्लिम खासदार लोकसभेत गेला नाही. आम्हाला वाटते, नुसती तक्रार पुरेशी नाही. मतदानाच्या दिवसापुरते नव्हे, पाचही वर्षे पक्षाच्या कामात आपण दिसायला हवे.