इटालियन विशेषणं आणि आपली मराठी

आज आपण इटालियनमधल्या विशेषणांकडे बघणार आहोत, आणि तेही मराठीतून.

आपल्याकडे इटालियन बहुधा इंग्रजीच्या आधाराने शिकवलं जातं. इंग्रजीत विशेषण बदलतच नाही. मुलगा असो, मुलगी असो, एक असो की दहा, शब्द तोच. त्यामुळे इंग्रजीतून शिकताना वाटतं, की विशेषण बदलणं ही इटालियनची भलतीच कटकट आहे. पण आपण तर रोजच 'काळा घोडा, काळी गाय, काळे घोडे' म्हणतो! शाळेत याला विकारी विशेषण म्हणतात. मराठी माध्यमातल्या मुलाकडे ही सवय आधीपासूनच असते. ती वर्गाबाहेर ठेवायची नाही.

आंबेगाव तालुक्यातलं पेठ घ्या, पुणे-नाशिक रस्त्यावरचं. तिथलं सातगाव पठार बटाट्यासाठी ओळखलं जातं. तर बटाट्यावरूनच बघू. 'पिवळा बटाटा' इटालियनमध्ये 'पताता जाल्ला'. अनेक असतील तर 'पताते जाल्ले'. लाल कांदा 'चिपोल्ला रोस्सा', लाल टोमॅटो 'पोमोदोरो रोस्सो', आणि अनेक टोमॅटो 'पोमोदोरी रोस्सी'. म्हणजे रोस्सो, रोस्सा, रोस्सी, रोस्से अशी चार रूपं झाली.

इथे पहिला खड्डा आहे. बटाटा आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे स्त्रीलिंगी. कांद्याचंही तसंच. मराठीतलं लिंग मनात ठेवून 'पताता जाल्लो' म्हटलं की चुकलं. नपुंसकलिंग तर तिकडे नाहीच. आपलं घर म्हणजे 'काझा', स्त्रीलिंगी. शेवटच्या अक्षरावरही पूर्ण विसंबू नका. हात म्हणजे 'मानो', शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी. 'प्रोब्लेमा' शेवटी आ असूनही पुल्लिंगी. म्हणून नाम पाठ करताना त्याच्या आधीचं 'इल' किंवा 'ला' सोबतच पाठ करायचं.

दुसरा खड्डा. मराठीत 'लाल, हुशार, सुंदर' बदलत नाहीत. इटालियनमध्ये 'वेर्दे' म्हणजे हिरवा. तो लिंगाप्रमाणे बदलत नाही, पण अनेकवचनात 'वेर्दी' होतो: 'मेला वेर्दे', 'मेले वेर्दी'. आपण त्याला 'लाल'सारखा समजून तसाच ठेवतो. अजिबात न बदलणारेही थोडे आहेत, जसं गुलाबीसाठी 'रोझा'. आपलं 'गुलाबी'ही बदलत नाही, तेव्हा हे सोपं.

एक ओझं मात्र कमी होतं. 'काळा घोडा' पण 'काळ्या घोड्याला', हे सामान्यरूप इटालियनमध्ये नाही. 'कोन ला चिपोल्ला रोस्सा', लाल कांद्यासोबत. विशेषण जसंच्या तसं.

आता जागा. मराठीत विशेषण आधी येतं, इटालियनमध्ये बहुधा नामानंतर. काही नेहमीची विशेषणं आधी येतात, आणि जागा बदलली की कधी अर्थही बदलतो. 'उओमो पोवेरो' म्हणजे पैशाने गरीब माणूस, 'पोवेरो उओमो' म्हणजे बिचारा. 'वेक्क्यो आमीको' म्हणजे जुना मित्र, 'आमीको वेक्क्यो' म्हणजे वयाने म्हातारा. आपण यासाठी वेगळे शब्द वापरतो, ते जागेने काम भागवतात. म्हणून कुणाची ओळख करून देताना जरा जपून!

शेवटी स्वतःबद्दल बोलणं. पुरुष म्हणतो 'मी दमलो', बाई म्हणते 'मी दमले'. इटालियनमध्ये 'सोनो स्तांको' आणि 'सोनो स्तांका'. तोच विचार, फक्त तिथे क्रियापदाऐवजी विशेषण बदलतं. पण नवरा-बायको दोघं असतील तर आपण 'दमलेली' असं नपुंसकलिंगी म्हणतो. इटालियन तिथे पुल्लिंगी अनेकवचन वापरतं, 'स्तांकी'.

तर आज घरी एवढं करा. स्वयंपाकघरातल्या दहा वस्तू घ्या. प्रत्येकीचं इटालियन नाव 'इल' किंवा 'ला' लावून लिहा, पुढे एक रंग जोडा, आणि मग अनेकवचन करा. जिथे मराठी लिंग जुळत नाही तिथे खूण करा. पुढच्या वेळी पाठ करायच्या आहेत त्या एवढ्याच खुणा. बाकीचं आपल्याला येतंच आहे.