वटवाघळाचे उष्टे फळ गोठ्यात नको

परवा करवीर तालुक्यातील एका वस्तीवर गेलो होतो. सकाळची वेळ. घरच्या आजीबाई झाडाखाली पडलेले पेरू ओच्यात गोळा करून शेळ्यांपुढे टाकत होत्या. निम्म्या पेरूंवर दातांचे व्रण! "रात्री वटवाघळं येत्यात सायेब. त्यांचं उष्टं शेरडाला चालतंय की," आजी म्हणाल्या. पूर्वी मीही मान डोलावली असती.

पण मलेशियाची हकीकत ऐका. तेथे डुकरांच्या मोठ्या कोंडवाड्यांना लागूनच आंब्याची झाडे होती. वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली, लाळ लागलेली फळे खाली पडत आणि डुकरे ती खात. त्यातूनच रोग शिरला, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. डुकरे खोकू लागली, मग सांभाळणारी माणसे तापाने पडली. १९९८-९९ च्या त्या साथीत शंभरावर माणसे दगावली आणि दहा लाखांच्या आसपास डुकरे मारावी लागली. हाच तो निपाह विषाणू. त्यावर अजून खात्रीचे औषध नाही.

मलेशिया लांब, म्हणाल. मग महाबळेश्वर घ्या. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तेथील गुहेतली वटवाघळे पकडून तपासली. काहींत निपाहच्या खुणा सापडल्या. माणसांत साथ आली असा याचा अर्थ नव्हे; पण वटवाघळाला सातारा-कोल्हापूरची हद्द कोण दाखवणार? केरळात २०१८ साली १७ माणसे गेली, आणि तेथे रोग बहुतेकांना रुग्णाच्या जवळ राहिल्याने, दवाखान्यातच लागला.

म्हणून चोचवलेले, कुरतडलेले फळ पोरांच्या हाती देऊ नका. चांगले फळही धुऊन, सोलून खा. गव्हाण आणि पाण्याची टाकी फळझाडाखाली नको. डुकरे पाळणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे. जनावरे एकदम धापू-खोकू लागली तर पशुवैद्यकांना बोलवा. घरात कोणाला ताप, डोकेदुखी आणि भ्रम झाला तर अंगारे-धुपारे न करता थेट सरकारी दवाखाना गाठा.

एक मात्र करू नका. वडावरची वटवाघळे धूर करून हुसकू नका. बिथरलेली वटवाघळे दुसऱ्या वस्तीवर जातात, आणि रानात बी पसरवण्याचे त्यांचे कामही थांबते.

आजींनी शेवटी विचारलेच, "मग ह्या पेरूंचं करायचं काय?" हाताला पिशवी बांधून ते उचलले, परड्यात हातभर खड्डा काढला आणि पुरले. मग दोघांनी साबणाने हात धुतले.