कोरा रकाना

मी छत्तीस वर्षे शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. ‘वाचल्याशिवाय सही करू नये’ हे वाक्य या काळात फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. आणि तरीही एका अर्धवट भरलेल्या कागदावर मी सही केली. तीही पुरती वाचून, समजून! त्या सहीने आमच्या घराची अकरा महिने झोप उडवली. वाचकहो, ती हकिकत आहे तशी सांगतो. त्यात माझा मोठेपणा मुळीच नाही, पण एखाद्याचे नुकसान टळले तरी पुष्कळ झाले.

आमचे घर सांगलीच्या गावभागात. कृष्णामाईच्या इतके जवळ, की पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट आहे, हे आम्ही ताप मोजावा तसे दिवसातून चारदा विचारतो. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि आमच्या माजघरात छातीइतके चढले. घराचा विमा होता. त्या कंपनीने थोडी कुरकुर केली, पण २ लाख ४० हजार रुपये दिले. त्यातून फरशी झाली, वायरिंग झाले, सौभाग्यवतींचे शिवणयंत्रही आले.

पुढच्या वर्षी विम्याची मुदत संपत आली, तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो आता दुसऱ्या एका विमा कंपनीचा एजंट झाला होता. हप्ता कमी, शिवाय मुलगा ओळखीचा. चहा झाला आणि अर्ज पुढे आला. त्यात एक प्रश्न होता : या जागेत पूर्वी पुराचे पाणी आले होते काय? मी ठळक अक्षरांत लिहिले, ‘होय, २००५ व २०१९.’ त्याच्या खालचा प्रश्न होता : गेल्या ३ वर्षांत विम्याची भरपाई मागितली असल्यास तपशील द्या. माझे पेन तिथे थांबले.

“सर, तो रकाना राहू द्या,” एजंट म्हणाला. “लिहिलं की अर्ज वर जातो, चौकशा होतात, हप्ता वाढतो. मी बघतो मागाहून.”

त्याच्या ‘बघतो’चा अर्थ मला कळला नाही असे नाही. चांगला कळला. पण हप्ता वाढेल हे ऐकले आणि मी गप्प राहिलो. सही केली. २०२० चा नोव्हेंबर होता तो.

२०२१ च्या जुलैत कृष्णामाई पुन्हा घरात आली. या वेळी पाणी कमी, पण गाळ तेवढाच. फ्रिज, गाद्या, दोन कपाटे, फुगून बसलेली दारे, वरून पोपडे धरलेल्या भिंती! कंपनीचा सर्व्हेअर आला. माणूस सज्जन होता. त्याने एकेक वस्तू मोजली, फोटो घेतले. मी मागितले होते ४ लाख ६० हजार, त्याने नुकसान धरले ३ लाख १८ हजार. निघताना त्याने सहज विचारले, “मागच्या पुरात विम्याचे पैसे मिळाले होते का, सर?” मी म्हणालो, “मिळाले होते की!” खरे तेच सांगितले, आणि त्याच खऱ्याचा पुढे फास झाला.

नोव्हेंबरात कंपनीचे पत्र आले. पूर्वीच्या भरपाईची महत्त्वाची माहिती विमेदाराने दडवली, सबब दावा नामंजूर. ‘दडवली’ हा शब्द मी कितीदा वाचला असेन! पैशापेक्षा तो शब्दच अधिक लागला. कारण तो पुरता खोटा आहे, असे छातीवर हात ठेवून म्हणता येत नव्हते.

आमच्या कट्ट्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. एका स्नेह्यांनी ठासून सांगितले, “तीन वर्षांनंतर कंपनीला असली कारणं देताच येत नाहीत. विमा कायद्याचं ४५ वं कलम बघा!” मी बघितले. एक तर माझ्या विम्याला तीन वर्षे झालीच नव्हती. आणि दुसरे म्हणजे ते कलम आयुर्विम्याचे. घराच्या विम्याला ते लागू नाही. कट्ट्यावरचा कायदा कट्ट्यावरच राहिला.

मग एजंट आला. त्याचा चेहरा पार उतरला होता. “सर, तुम्ही एवढंच सांगा, की मागच्या क्लेमचं तुम्ही मला तोंडी सांगितलं होतं आणि मीच लिहायला विसरलो. सगळं माझ्यावर घ्या.” खरे सांगतो, मोह पडला. वाक्य तयार होते, साक्षीदार कबूल होता. पण आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, “अहो, त्याची एजन्सी जाईल, त्याची लहान लेकरं आहेत. आणि शाळेत तुम्ही त्याला शिकवलंत, आता तो तुम्हाला शिकवणार का?” विषय तिथेच संपला.

पुण्याला माझा पुतण्या वकिली करतो. त्याने पहिला प्रश्न विचारला, “काका, अर्जाची प्रत कुठे आहे?” प्रत माझ्याकडे नव्हती. वास्तविक कंपनीने ती विमेदाराला आपण होऊन द्यायची असते. लेखी मागणी केल्यावर ती आली. मी भीतभीतच पान उलटले. एजंटने मागाहून ‘नाही’ लिहून टाकले असले तर? पण नाही! रकाना कोरा होता. त्याच्या वरच्या ओळीत माझे ‘होय, २००५ व २०१९’ लख्ख दिसत होते, आणि खाली कंपनीने अर्ज स्वीकारल्याचा शिक्का.

“‘नाही’ लिहिलं असतं तर मी तुम्हाला घरी स्वस्थ बसायला सांगितलं असतं,” पुतण्या म्हणाला. “आता भांडू.”

त्याने मला जे समजावले ते मुलांना शिकवण्याजोगे होते. विमा हा परम विश्वासाचा करार. जोखमीविषयी जे महत्त्वाचे ते विमेदाराला ठाऊक असते, कंपनीला नसते. म्हणून ते त्याने सांगितलेच पाहिजे. इंग्लंडात लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशांनी १७६६ मध्ये हे तत्त्व मांडले. सुमात्रा बेटावरच्या मार्लबरो किल्ल्याचा विमा उतरलेला होता आणि तो किल्ला फ्रेंचांनी घेतला होता. गंमत अशी, की ज्या खटल्यात हे तत्त्व सांगितले गेले, तो खटला विमेदारच जिंकला! कारण जे विमा देणाऱ्याला सहज कळण्यासारखे होते, किंवा जे त्याने विचारायला हवे होते, त्याचे खापर दुसऱ्यावर फोडता येत नाही.

आमचा दावा फेटाळला गेल्यावर जेमतेम महिन्याने, डिसेंबर २०२१ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. अमेरिकेला गेलेल्या एका प्रवाशाच्या आरोग्यविम्याचा तो वाद होता. त्यात न्यायालयाने सांगितले, की अर्जातला रकाना कोरा असेल तर कंपनीने तो भरून मागावा. तसे न करता हप्ता घेऊन पॉलिसी दिली, तर पुढे भरपाईच्या वेळी ‘माहिती दडवली’ म्हणता येणार नाही.

पुढची वाट ठरलेली होती. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. तिथून तेच उत्तर आल्यावर विमा लोकपालाकडे अर्ज. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत तो करावा लागतो. फी नाही, आणि वकीलही चालत नाही. आपले आपण बोलायचे. त्या वेळी ३० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालत. २०२३ मध्ये ती मर्यादा ५० लाख झाली. लोकपालांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला मान्य नसेल तर पुढे ग्राहक न्यायालय आहेच.

२०२२ च्या मे महिन्यात पुण्याला नारायण पेठेतल्या कार्यालयात सुनावणी झाली. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी माझी सही दाखवली. मी वरच्या ओळीतले उत्तर आणि खालचा शिक्का दाखवला. मग लोकपालांनी मलाच विचारले, “गुरुजी, रकाना कोरा का राहिला?”

पुतण्याने मला पढवले होते, की विचारतील तेवढेच सांगा. पण विचारलेच होते तेच!

मी म्हणालो, “साहेब, हप्ता वाढेल म्हणून मी गप्प राहिलो. ‘नाही’ असं खोटं मी लिहिलं नाही, पण ‘होय’ लिहायची हिंमतही केली नाही. चूक माझी आहे. मात्र पूर आल्याचं मी लिहिलं होतं. त्यावरून भरपाईचा प्रश्न कंपनीला पुन्हा विचारता आला असता. तिनं विचारला नाही, पैसे मात्र घेतले.”

दोन्हीकडून कोणी काही बोलले नाही. लोकपालांनी काहीतरी टिपून घेतले.

जूनमध्ये निर्णय आला. कंपनीने सर्व्हेअरने धरलेले ३ लाख १८ हजार रुपये द्यावेत. व्याज मी मागितले होते, ते मिळाले नाही. पुतण्या थोडा हिरमुसला. मला मात्र वाटले, की माझ्या गप्प बसण्याची किंमत तेवढी वजा झाली. हिशेब बरोबर आहे.

पैसे महिन्याच्या आत आले. त्यानंतर नवा विमा घेताना तोच एजंट अर्ज घेऊन आला. या वेळी मी दोन्ही भरपाया रकमेसकट लिहिल्या. हप्ता वाढला, तोही निमूट भरला. अर्जाचे फोटो काढून ठेवले आणि मगच सही केली. एजंट हसून म्हणाला, “सर, आता प्रत्येक घरी मी हा रकाना आधी भरून घेतो.”

वाचकहो, या दिवाळीत दिवे लावून झाले, फराळ झाला, की घरातली विम्याची कागदपत्रे एकदा काढून बघा. अर्जाची प्रत आहे का, ती पाहा. एखादा रकाना कोरा असेल, तर आजच कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. पुराचे पाणी आल्यावर ते सुचत नाही.