‘डबल’ या संज्ञेची व्याप्ती

बेसबॉलमध्ये फलंदाज आपल्या फटक्यावर कोणत्या बेसपर्यंत सुखरूप पोहोचतो, त्यावरून सिंगल, डबल, ट्रिपल व होम रन असे चार प्रकार मानतात. हे वर्गीकरण दिसते तितके सरळ नाही. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे दुसरा बेस मिळाला, किंवा अन्य धावपटूस बाद करण्यासाठी चेंडू फेकला जात असता फलंदाज तेथवर सरकला, तर तो फटका डबल ठरत नाही. हा निर्णय अधिकृत गुणलेखकाच्या विवेकावर सोपविलेला असतो.

शिवाय शेजारच्या संज्ञेची सीमा हलली की डबलचीही हलते. टप्पा पडून कुंपणापलीकडे गेलेला चेंडू पूर्वी सामान्यतः होम रन गणला जाई. १९३१ च्या हंगामापर्यंत अमेरिकेतील दोन्ही प्रमुख लीगांनी तो डबलमध्ये समाविष्ट केला. त्याच हंगामात बोस्टन रेड सॉक्सच्या अर्ल वेब याने ६७ डबल नोंदविले. हा उच्चांक अद्याप अबाधित आहे. त्याचे श्रेय केवळ नियमबदलास देणे मात्र युक्त नव्हे. कारण जुन्या नियमाखालीही क्लीव्हलँडच्या जॉर्ज बर्न्सने १९२६ मध्ये ६४ डबल मिळविले होते, आणि नव्या नियमाखाली २०२३ मध्ये फ्रेडी फ्रीमन ५९ वर थांबला.

सेंट लुईसच्या जो मेडविकचे १९३६ मधील डबलही ६४ च आहेत. कोष्टकात बर्न्स व मेडविक समान स्थानी येतात. परंतु दोघांच्या आकड्यांखालील संज्ञा एक नव्हे. गणनेपूर्वी गणनीयाची व्याख्या पाहावी लागते, ती यासाठीच.