सातशेची परवानगी, सातशे सत्याहत्तरचे फोल्डर
फाइल परवानगीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोंदिया जिल्ह्यातील शेतकरी आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी नोंदणी करतो तेव्हा सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक द्यावे लागते. उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्याचा अर्ज सेवा केंद्रातून ऑनलाइन जातो. अशा कागदांची स्कॅन केलेली प्रत अखेर एखाद्या सर्व्हरवरील फोल्डरमध्ये जाते, आणि ते फोल्डर कोणी उघडावे हे ठरवणाऱ्या नियमांना फाइल परवानगी म्हणतात.

संकेतस्थळाला लॉगिन आणि पासवर्ड असला की आतले कागद सुरक्षित, हा याविषयीचा सर्वांत घट्ट रुजलेला समज होय. वस्तुतः लॉगिन ही संकेतस्थळाच्या प्रोग्रामने घातलेली अट असते, तर फाइल ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात असते. लिनक्समध्ये मालक, गट आणि इतर अशा तिघांना वाचण्याचे (4), लिहिण्याचे (2) आणि फोल्डरच्या बाबतीत आत शिरण्याचे (1) अधिकार दिले जातात व त्यांच्या बेरजेतून तीन अंक तयार होतात. 700 म्हणजे सर्व अधिकार केवळ मालकाला, तर 777 म्हणजे कोणालाही सर्व काही. त्याच सर्व्हरवर खाते असलेल्या, किंवा शेजारच्या कमकुवत संकेतस्थळातून आत घुसलेल्या माणसाला लॉगिनच्या पानाशी काही देणेघेणे नसते.

सेटिंगमध्ये 700 लिहिले की फोल्डरला 700 मिळालेच, असे प्रोग्रामरही धरून चालतात. संकेतस्थळे उभारण्यासाठी लागणारा तयार सांगाडा, म्हणजे वेब फ्रेमवर्क, पुरवणाऱ्या जँगो प्रकल्पाने 1 सप्टेंबर 2020 रोजी 3.1.1, 3.0.10 आणि 2.2.16 या आवृत्त्या काढून जी त्रुटी दुरुस्त केली, ती नेमकी याच समजाला छेद देणारी होती. जँगो ज्या भाषेत लिहिलेले आहे त्या पायथनच्या 3.7 या आवृत्तीपासून, एकात एक अशी अनेक फोल्डरे एकाच आज्ञेने तयार करताना सांगितलेली परवानगी फक्त सर्वांत आतल्या फोल्डरला लागू होऊ लागली. हा बदल पायथनच्या दस्तऐवजात नोंदवलेला होता, परंतु जँगोचा कोड जुन्याच वर्तनावर विसंबून राहिला. त्यातच नव्या फाइलींवरील अधिकार आपोआप कमी करणारी ‘उमास्क’ ही मर्यादा जँगो त्या क्षणापुरती शून्यावर आणत असे. परिणामी ‘दाखले/2020/09’ असा मार्ग नव्याने तयार झाला, तर ‘09’ला 700 मिळे, मात्र ‘दाखले’ आणि ‘2020’ ही मधली फोल्डरे 777 होत.

आतले फोल्डर बंद असल्यामुळे बाहेरचे उघडे राहून काही बिघडत नाही, हा युक्तिवाद वरवर पटणारा असला तरी लंगडा आहे. ‘2020’मध्ये लिहिण्याचा अधिकार असलेला परका वापरकर्ता ‘09’मधील फाइल वाचू शकत नाही हे खरे, तथापि तो ‘09’चे नाव बदलून त्याच नावाचे स्वतःचे फोल्डर तेथे ठेवू शकतो, किंवा ‘10’ हे पुढच्या महिन्याचे फोल्डर आधीच तयार करून त्यात येणाऱ्या कागदांची वाट पाहू शकतो. कागद वाचला जाण्यापेक्षा तो बदलला जाणे हा येथे अधिक गंभीर धोका ठरतो.

नवी आवृत्ती बसवली की प्रश्न मिटला, हेही अर्धसत्यच. दुरुस्ती पुढे तयार होणाऱ्या फोल्डरांना लागू पडते. आधीच्या फोल्डरांची परवानगी तपासून हाताने सुधारावी, असे जँगोच्या सूचनेतच म्हटले होते.

अशी त्रुटी म्हणजे जगभरातील कोणालाही कागद खुले, ही मात्र अतिशयोक्ती होय, कारण या त्रुटीचा लाभ घेण्यासाठी सर्व्हरवर आधी शिरकाव असावा लागतो. इंटरनेटवर थेट उघडे पडलेल्या कागदांचा प्रकार वेगळा. गोंदियासह अनेक जिल्ह्यांची अधिकृत संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या सेवेवर उभी आहेत. या सेवेच्या रचनेतील चुकीमुळे नागरिकांचे आधार क्रमांक आणि कोविड लसीकरणाची माहिती असलेले कागद खुले असल्याचे 2022 मध्ये एका सुरक्षा संशोधकाला आढळले व त्याने ते सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवले. शोधयंत्रांतील दुवे हटवले गेले, परंतु काही व्यक्तींची माहिती मार्च 2024 पर्यंत उघडीच असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले.