जाम ऑइल फिल्टर आणि स्क्रूड्रायव्हरचा अघोरी उपाय

मोटरसायकलचा ऑइल फिल्टर हाताने निघत नाही म्हटलं की नाशिक रोडला, बिटको चौकापासून जेल रोडपर्यंत, एक सल्ला हमखास मिळतो: ‘स्क्रूड्रायव्हर घ्या, फिल्टरच्या आरपार हाणा आणि फिरवा.’ वर ‘जुना फिल्टर फेकायचाच आहे ना?’ हा युक्तिवाद तयार असतो. फिल्टर फेकायचा आहे हे खरं. पण तो ज्या इंजिनाला चिकटलाय, ते फेकायचं नाही.

मुळात हा प्रश्न सगळ्या गाड्यांचा नाही. नाशिक रोड स्टेशनच्या पार्किंगमध्ये रांगेने उभ्या असलेल्या स्प्लेंडरमध्ये फिल्टरचा गोल डबा नसतोच. तिच्या 97.2 सीसी इंजिनात तेलातली घाण गरगर फिरवून बाजूला टाकणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर आणि एक जाळी असते. ॲक्टिव्हात तर फक्त जाळी. बुलेटच्या 350 सीसी युनिट इंजिनात कागदी फिल्टर बोल्टच्या झाकणाआड बसतो. तिथे फिल्टरपेक्षा बोल्टचं डोकं आणि आटे जास्त त्रास देतात. आट्यांवर फिरवून बसवायचा पत्र्याचा डबा असतो तो रॉयल एनफील्डच्या 650 जोडगोळीला, कावासाकी निंजा 300 ला आणि अशाच मोठ्या गाड्यांना. जाम होतो तो हाच.

या डब्याचं बाहेरचं कवच अगदी पातळ पत्र्याचं असतं. जाडजूड असते ती फक्त तळाची चकती; आटे तिच्यात असतात आणि रबरी सील तिच्यावर बसतं. चिकटलेलं असतं ते सील. मग वरच्या पत्र्याला भोसकून काय साधणार? स्क्रूड्रायव्हरवर जोर दिला की भोक लांबतं, चीर पडते आणि डबा चिंध्यांसारखा फाटतो. चकती तिथल्या तिथेच राहते. उरलेलं तेल खाली बसलेल्या माणसाच्या हातावर येतं. घाव इंजिनच्या जवळ बसला तर डब्यात शिरलेली आट्यांची नळी वाकते किंवा तिचे आटे जातात, आणि तीनचारशे रुपयांच्या फिल्टरपायी इंजिन खोलायची वेळ येते. शिवाय मोटरसायकलवर फिल्टरच्या आजूबाजूला सायलेन्सरचे बेंड पाइप असतात. स्क्रूड्रायव्हर पूर्ण फिरवायला जागाच नसते. एवढं सगळं समोर दिसत असताना हा उपाय अजून टिकून आहे, याचा राग यायला हवा.

आणि फिल्टर जाम का होतो? बहुतेक वेळा तो बसवताना पान्याने करकचून आवळलेला असतो म्हणून. ‘नाहीतर तेल गळेल’ हा दुसरा गैरसमज. तेल अडवतं ते दबलेलं रबर, आवळण्याची ताकद नव्हे. निंजा 300 साठी कावासाकीने दिलेला टॉर्क 17.5 न्यूटन-मीटर आहे. होंडाच्या 650 सीसी गाड्यांसाठी तो 26 आहे. 17.5 म्हणजे 25 सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर साधारण 7 किलोचा जोर. टॉर्क पाना नसेल तर रबर टेकल्यावर पाऊण फेरा, ही सूचना अनेक फिल्टरच्या खोक्यांवरच छापलेली असते. त्याहून जास्त आवळलं, त्यात रबर कोरडंच बसवलं, की इंजिनच्या उष्णतेने ते ॲल्युमिनियमला धरून बसतं.

काढायची पद्धत साधी आहे. इंजिन दोनचार मिनिटं चालवून कोमट करावं. उकळतं नको, बेंड पाइपने हात भाजतो. तेल काढून घ्यावं. फिल्टर बाहेरून पेट्रोलच्या फडक्याने नव्हे, साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करावा. मग त्याभोवती पॉलिश पेपर खरखरीत बाजू आत करून गुंडाळावा आणि फिल्टरच्या बंद टोकाकडे पाहत घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवावा. उलटं झोपून काम करताना दिशा चुकते आणि माणूस फिल्टर आणखी आवळत बसतो, हे फार वेळा घडतं. एवढ्याने हलला नाही तर त्या फिल्टरच्या खाचांवर नेमका बसणारा टोपीसारखा फिल्टर पाना वापरावा. तोही घसरला तर चेन पाना, पण चकतीच्या शक्य तितका जवळ, कारण तिथे डबा चेपत नाही.

डबा आधीच फाटला असेल तर छिन्नी आणि हातोडी. छिन्नी चकतीच्या काठावर तिरकी धरून सुटण्याच्या दिशेने हलके ठोके द्यावेत. इंजिनच्या सपाट पृष्ठभागाला ती लागू देऊ नये, तिथे ओरखडा पडला तर गळती कायमची.

बाकीचे समज थोडक्यात. गंजासाठीचा स्प्रे मारून फिल्टर सुटत नाही. अडकलंय ते रबर आहे, आणि स्प्रेने डबा फक्त निसरडा होतो. कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊन परत वापरता येत नाही. मापात बसला म्हणून कुठलाही फिल्टर चालत नाही. आटे आणि आतल्या बायपास व्हॉल्व्हचा दाब वेगळा असू शकतो. फिल्टर तुंबला तर गाडी लगेच बंद पडेल, हेही खरं नाही: बायपास उघडतो आणि न गाळलेलं तेल इंजिनात फिरत राहतं, चालवणाऱ्याला काही कळत नाही. जुनं तेल गटारात, म्हणजे शेवटी वालदेवीत किंवा गोदावरीत, ओतू नये. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं.

नवा फिल्टर लावण्याआधी जुन्याचं रबर इंजिनला चिकटून राहिलंय का, हे बोट फिरवून पाहावं. दोन रबरं एकावर एक बसली की दाब वाढताच तेल बाहेर पडतं, आणि ते मागच्या टायरवर गेलं तर वळणावर गाडी घसरते. नव्या रबराला ताज्या तेलाचं बोट लावा, हाताने बसवा, इंजिन मिनिटभर चालू ठेवून खाली पाहा. गॅरेजवाला पाना उचलायला लागला तर त्याला तिथेच थांबवा.