चूक तुमची की शेगडीची?

पुढच्या बर्नरवर दूध वर येऊ लागते. घाईघाईने बटण बंद करावे, तर विझते मागची डाळ आणि दूध ओट्यावर! चार बर्नरची शेगडी असलेल्या घरात हा प्रसंग नवा नाही. मग बोलणी ठरलेलीच, ‘‘लक्ष कुठे असते तुझे?’’ पण दोष खरोखर लक्षाचाच असतो का?

याचे उत्तर गणितातून मिळते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली ‘माहिती’ मोजण्याची रीत मांडली. तिचे माप म्हणजे ‘बिट’. ‘हे की ते’ अशा एका प्रश्नाचे उत्तर म्हणजे एक बिट. दोन बटणांतून एक निवडायला एक प्रश्न पुरतो. चारांतून निवडायला दोन, आठांतून तीन.

हेच माप १९५२ मध्ये इंग्लंडमधील विल्यम हिक यांनी माणसाला लावून पाहिले. समोर दिवा लागला की त्याची कळ दाबायची, एवढाच प्रयोग. पर्याय वाढले की विचाराचा वेळही वाढतो. पण पर्याय दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही. दर दुपटीला तो साधारण सारखाच वाढतो, म्हणजे एका बिटापुरता!

आता शेगडीकडे पाहा. बर्नर चौकोनात, बटणे मात्र एका ओळीत. प्रश्न दोन : डावा की उजवा? पुढचा की मागचा? पहिल्याचे उत्तर बटणाच्या जागेवरून मिळते. दुसऱ्याचे मिळत नाही. ते पाठ करावे लागते, नाहीतर बटणाजवळची बारीक खूण वाचावी लागते. घाईत नेमका हाच बिट हरवतो.

अमेरिकेतील अल्फोन्स चपानिस आणि लिंडेनबॉम यांनी १९५९ मध्ये शेगडीच्या चार मांडण्या तपासल्या. एकीत मागचे बर्नर थोडे बाजूला सरकवले होते, त्यामुळे चारही बर्नर बटणांच्याच क्रमाने दिसत. या मांडणीत एकही चूक झाली नाही! उरलेल्या तिन्हींत चुका झाल्या.

दिव्याचे बटण चुकले तर फार तर पंखा फिरतो. गॅसचे चुकले तर हात भाजतो, रिकाम्या भांड्याखाली जाळ पेटतो. म्हणून नवी शेगडी घेताना काचेची चमक पाहण्याआधी बटणे पाहा. कोणते कुणाचे, हे न वाचता कळते का? घरातल्या शेगडीवर मागच्या दोन बटणांना लाल ठिपका लावला, तरी हरवलेला बिट परत मिळेल.

आणि दूध उतू गेलेच, तर बोलणी मात्र शेगडीलाच द्या!